आठ महिन्यांत तीन मदरबोर्ड

जूनच्या शेवटी लॅपटॉप घेतला, 1,52,000 रुपयांना. 14 इंची ओएलईडी पडदा, 32 जीबी रॅम, 1 टीबी एसएसडी. मी पुस्तकांची मांडणी आणि मुखपृष्ठं करतो. ऑगस्टपासून दिवाळी अंकांची घाई सुरू होते, त्याआधी मशीन हाताला बसावं म्हणून मुद्दाम जूनमध्येच खरेदी केली. आयुष्यात एका यंत्रावर एवढे पैसे पहिल्यांदाच घातले होते.

पाचव्या दिवशी, काहीही जड चालू नसताना, पडदा काळा झाला आणि मशीन आपोआप रीस्टार्ट झालं. नवीन आहे, अपडेट चालू असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तसंच. तोवर दुकानाची सात दिवसांची बदलून देण्याची मुदत उलटून गेली होती. या सगळ्या प्रकरणात माझी खरी चूक कुठली असेल तर ही. सातव्या दिवसाआधी तक्रार नोंदवली असती तर पुढचे तीन महिने वाचले असते.

जुलैभर आठवड्यातून एकदा-दोनदा हे व्हायचं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे मशीनच्या घडामोडींच्या नोंदवहीत, दर वेळी ‘कर्नल-पॉवर 41’ ही नोंद दिसे. ती नोंद एवढंच सांगते की मशीन नीट बंद झालं नव्हतं. का, ते सांगत नाही. कंपनीच्या तक्रार केंद्रातल्या, फोनवरच्या मुलाने मात्र तेवढ्यावरून ‘सॉफ्टवेअर इश्यू’ ठरवलं आणि विंडोज पुन्हा टाकायला लावलं. टाकलं. फॉन्ट, प्रोफाइल्स, इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकाची सेटिंग्ज, सगळं नव्याने लावण्यात दीड दिवस गेला. चौथ्या दिवशी पुन्हा रीस्टार्ट.

मग ऑगस्टमध्ये ते पान आलं. एका दिवाळी अंकाच्या आतल्या आर्टपेपरच्या पानांची पीडीएफ छापखान्यात पाठवली होती. प्लेट काढण्याआधी तिथल्या माणसाने फोन केला, ‘पान सदतीसवरचा फोटो बघा जरा.’ एका लेखिकेचा जुना कृष्णधवल फोटो. कपाळावरून कानापर्यंत बोटभर रुंदीचा हिरवा-गुलाबी पट्टा. मूळ फोटो स्वच्छ होता. तीच फाइल पुन्हा एक्सपोर्ट केली तर पट्टा गायब. त्याने पाहिलं नसतं तर तो अंक तसाच वाचकांच्या हातात गेला असता. मशीन बंद पडतं ते दिसतं तरी. ते गुपचूप फाइल बिघडवत असेल तर मी कशावर भरवसा ठेवायचा? त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्हवर मेमटेस्ट86 हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम टाकला आणि रात्रभर चालू ठेवला. कंपनीच्या स्वतःच्या तपासणीत पाच मिनिटांत सगळं हिरवं यायचं. इथे पहिली फेरीही स्वच्छ गेली. सकाळी पाहिलं तर तिसऱ्या फेरीत, मशीन चांगलं तापल्यावर, लाल ओळी आल्या होत्या. रॅम खराब. या पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवरच डकवलेली असते, काढून दुसरी बसवता येत नाही. म्हणजे अख्खा बोर्ड बदलायचा. पडद्याचा फोटो काढून तक्रारीला जोडला आणि फोनवरचा सूर त्याच दिवशी बदलला.

इंजिनिअर घरी आला, आणि मुलगा खरोखर कामाचा होता. जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून त्याने मागचं झाकण उघडलं, स्क्रू काढले त्याच क्रमाने कागदावर ठेवले, चाळीस मिनिटांत बोर्ड बदलला. सुरू करताच निळ्या पडद्यावर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क कुलुपाची, 48 आकडी रिकव्हरी की मागितली. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असते आणि तिची किल्ली जुन्या बोर्डावरच्या चिपशी बांधलेली असते, त्यामुळे बोर्ड बदलला की हे होणारच. माझी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात होती, फोनवर उघडून एकेक आकडा भरला. ज्याला ती सापडणार नाही त्याचा डेटा समोर असून गेल्यात जमा. बोर्ड बदलायला कोणी येणार असेल तर आदल्या दिवशी ती कागदावर उतरवून ठेवा, बॅकअप तर घ्याच. आणखी एक. नव्या बोर्डात सीरियल नंबर भरावा लागतो. तो राहून गेला असता तर पुढच्या तक्रारीला ‘हे मशीन आमच्या नोंदीत नाही’ असं उत्तर मिळालं असतं. त्याने भरला, मी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन पाहून घेतला.

रॅमचा त्रास संपला. पण या बोर्डावर डावीकडचा टाइप-सी पोर्ट चार्जच करेना आणि झाकण मिटून ठेवलेलं मशीन दोनांतून एकदा जागं होईना. आता तिसरा बोर्ड घालतो म्हणाले. मी नाही म्हटलं. मला बदली मशीन हवं होतं. ‘पॉलिसीत बसत नाही’ हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलं.

तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार केली. बिल, सगळे तक्रार क्रमांक, प्रत्येक रीस्टार्टची तारीख-वेळ लिहिलेली वही, मेमटेस्टचा फोटो, पान सदतीसच्या दोन्ही पीडीएफ, सगळं जोडलं. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, तुमची तक्रार कंपनीपुढे ठेवते. त्याने भागलं नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जाता येतं. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. मला तिथवर जावं लागलं नाही. बाराव्या दिवशी बदली मंजूर झाल्याचा मेल आला आणि ऑक्टोबरच्या मध्याला सीलबंद खोकं. वॉरंटी मात्र जूनपासूनचीच धरली. हंगाम तोवर जुन्या डेस्कटॉपवर निघाला होता.

या वेळी पहिल्या तीन रात्री मेमटेस्ट चालवलं, दोन्ही पोर्ट, कॅमेरा, स्पीकर, प्रत्येक कळ तपासली, पडदा पूर्ण पांढरा-काळा-लाल करून ठिपके शोधले. काही निघालं नाही. चार महिने झाले, एकही रीस्टार्ट नाही.

आणि मशीन चांगलं आहे, हे मला मनापासून सांगायचं आहे. मुखपृष्ठाचा रंग पडद्यावर दिसतो आणि प्रूफवर येतो यातलं अंतर माझ्या जुन्या मॉनिटरपेक्षा खूप कमी झालं. काळा रंग खरोखर काळा दिसतो. कळांना खोली आहे, दिवसभर मराठी टंकून बोटं दुखत नाहीत. बॅटरी माझ्या कामात साडेपाच-सहा तास जाते. चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय आहे, ती मी पहिल्या दिवसापासून चालू ठेवली. पडदा चकचकीत आहे, खिडकीकडे पाठ करून बसलं की स्वतःचाच चेहरा दिसतो. स्लीपमध्ये ठेवून बॅगेत घातलं तर एकदा आत चांगलं तापलेलं सापडलं, म्हणून बाहेर पडताना मी हायबरनेटच करतो, म्हणजे काम डिस्कवर साठवून मशीन पूर्ण बंद होतं.

पान सदतीसची सवय मात्र गेलेली नाही. प्रत्येक पीडीएफ पाठवण्याआधी मी दोनदा एक्सपोर्ट करतो आणि फोटोंची पानं शेजारी शेजारी ठेवून बघतो.