मापाने बनवून घेतलेले गोल्फ आयर्न, आठ महिन्यांनी: भांडण फक्त आठ नंबरचं

परवा माझ्या नव्या गोल्फ सेटमधला आठ नंबरचा क्लब दुकानातून सरळ होऊन कुरिअरने घरी आला, म्हणून आज लिहायला बसलोय. डिसेंबरात लिहिलं असतं तर दुकानाला नुसत्या शिव्या दिल्या असत्या, आणि त्यातल्या निम्म्या चुकीच्या ठरल्या असत्या.

सेट नेहमीचाच. पाच नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत (हा जवळच्या फटक्यांचा) सहा क्लब, फोर्ज्ड म्हणजे ठोकून घडवलेलं हेड, 95 ग्रॅमच्या आसपासचा स्टील शाफ्ट म्हणजे दांडा, अर्धा इंच जादा लांबी, लाय (क्लब टेकवल्यावर दांड्याचा जमिनीशी होणारा कोन) 2 अंश अपराइट, म्हणजे जास्त उभी, मिडसाइज ग्रिप. नोव्हेंबरमध्ये पुण्यातल्या एका दुकानात फिटिंग, म्हणजे अंगाच्या मापाने क्लब ठरवणं, करून घेतलं. फी धरून सव्वा लाखाच्या वर गेले. तेवढ्यात माझ्या दोन एकरांचं ठिबक झालं असतं, आणि घरात हे मला दोनदा ऐकवलं गेलंय. तेव्हा या पैशाचा हिशेब मी बारकाईने ठेवणारच.

मी फौजेतून निवृत्त. गोल्फ तिथेच शिकलो, नऊ होलच्या मैदानावर. तिथे ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) जागी ब्राउन असायचे, म्हणजे तेल मारून दाबलेली वाळू. आता गाव साताऱ्याजवळ कोरेगाव रस्त्याला, महिन्यातून दोनदा पुण्याला खेळायला जातो, बाकी सराव आमच्या रानात, समोर जरंडेश्वराचा डोंगर धरून. माझी उंची सहा फूट एक इंच. ही उंची लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यापायी झालं.

जुना सेट बावीस वर्षं वापरला. स्टँडर्ड लांबी, स्टँडर्ड लाय, 130 ग्रॅमचा जड शाफ्ट. माझ्यासारख्या उंच माणसाला तो आखूड पडायचा. कंबरेतून वाकायचं, हात खाली न्यायचे, तरी क्लबचा टो, म्हणजे हेडचं दांड्यापासून लांबचं टोक, जमिनीला आधी लागायचा आणि चेंडू उजवीकडे निघायचा. तो सरळ ठेवायला मी मनगटं वळवायला शिकलो. शिकलो म्हणजे काय, हातांनी आपापलं शिकून घेतलं.

नवा सेट आला आणि पहिले सहा आठवडे एकूण एक चेंडू डावीकडे. बारा-पंधरा यार्ड, कधी त्याहून जास्त. दुकानात मॅटवर मारले तेव्हा सरळ गेले होते, पडद्यावरच्या रेषा एका जागी पडलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. इथे रानात मात्र बांधापलीकडे चुलतभावाच्या उसात. माझी खात्रीच झाली की 2 अंश अपराइट हे दुकानाचं खूळ आहे आणि मी फसलोय. त्या दिवसांत मी फोनवर जे बोललो ते आज मागे घेतो.

जानेवारीत पुतण्याला म्हटलं, समोरून व्हिडिओ काढ. त्याने एका बाजूला जुना सात नंबर घेतलेला मी आणि दुसऱ्या बाजूला नवा घेतलेला मी, असे दोन फोटो शेजारी लावून दाखवले. "काका, तुम्ही दोन्हीत सारखेच वाकलाय," म्हणाला. खरंच होतं. क्लब अर्धा इंच लांब आणि 2 अंश उभा झाला होता, पण मी त्याच जुन्या वाकणीत उभा होतो. हात तेवढेच खाली. मग नव्या क्लबचा टो हवेत राहणार, हील (दांड्याकडची बाजू) जमिनीला टेकणार आणि क्लबचं तोंड डावीकडे वळणार. वर मनगटं जुन्या सवयीने वळत होतीच. दुकानात फिटिंग करणाऱ्या पोराने मला ताठ उभं केलं होतं, म्हणून तिथे सरळ गेले. घरी आल्यावर बावीस वर्षांची पाठ पुन्हा वाकली.

तेव्हापासून मार्करची परीक्षा सुरू केली, आणि ज्याने कुणी नवीन सेट घेतलाय त्याने ही करावीच. पैसा लागत नाही. चेंडूवर पांढऱ्या फळ्यावरच्या मार्करने एक जाड रेघ मारायची. रेघ बरोबर उभी, क्लबच्या तोंडासमोर येईल असा चेंडू ठेवायचा आणि नेहमीसारखा मारायचा. रेघेचा छाप तोंडावर उमटतो. छाप तोंडावरच्या आडव्या खाचांना काटकोनात उभा असेल तर लाय बरोबर. छापाचं वरचं टोक टोच्या बाजूला झुकलं असेल तर क्लब जास्त उभा पडतोय, हीलकडे झुकलं असेल तर जास्त आडवा. दर फटक्यानंतर ओल्या फडक्याने तोंड पुसायचं, नाहीतर छापावर छाप चढतो.

जानेवारीत सहाही क्लबांवर रेघ टोच्या बाजूला पडलेली. मी ताठ उभं राहायची सवय लावायला घेतली. रोज सकाळी चाळीस चेंडू, त्यातले पहिले वीस अर्ध्या ताकदीने. हात किती खाली यावेत याची खूण म्हणून मांडीपासून वीतभर अंतर धरलं. मार्चपर्यंत पाच क्लबांवर रेघ उभी यायला लागली. पाच. आठ नंबरवर ती तशीच कलंडलेली.

इथून पुढचं बरंच आठ नंबरवरच आहे. मला ते फार लागलं.

सात सरळ, नऊ सरळ, मधला आठ दर वेळी चार-पाच यार्ड डावीकडे. आधी वाटलं, आपण आठच्या वेळी वेगळे उभे राहत असू. पुतण्याला न सांगता क्लब द्यायला लावले, मी नंबर न बघता मारले, छाप नंतर तपासले. तीन सकाळी हे केलं. दर वेळी कलंडलेला छाप आठचाच.

लाय चुकली की दिशा का चुकते हे कळायला जेवणाचं ताट घ्या. ताट अगदी उभं समोर धरा आणि गाडीच्या स्टिअरिंगसारखं थोडं फिरवा. तोंड समोरच राहतं. आता ताट मागे कलवा, जसा लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा मागे कल) असतो तसं, आणि मग एक कड उचला. तोंड बाजूला वळलेलं दिसेल. जितकं मागे कललेलं तितकं जास्त वळतं. म्हणून लायची चूक लांबच्या क्लबपेक्षा छोट्या क्लबांत जास्त टोचते, आणि नेमका त्यांनीच आपण ग्रीनवर झेंड्याकडे मारत असतो. माझ्या आठचा लॉफ्ट 37 अंश. दीड अंश लाय चुकली तर तोंड अंदाजे 1.1 अंश वळतं, 130 यार्डांवर अडीच यार्ड. वर चेंडू हवेत थोडा वळतो ते वेगळं. माझे चार-पाच यार्ड या हिशेबात जवळपास बसत होते.

एप्रिलच्या शेवटी सहाही छापांचे फोटो दुकानाला पाठवले. उत्तर आलं, "सर, तुमचा स्विंग बदललाय, परत फिटिंग घ्यावं लागेल." फी वेगळी. मी विचारलं, स्विंग बदलला तर सात आणि नऊ सरळ कसे? मग उत्तर, "सर, रानातली जमीन सपाट नसते." मी पाण्याची पातळी बघायची गवंड्याची नळी लावून जागा सपाट केली आणि परत फोटो पाठवले. पुढे फोन उचलणं बंद.

मे महिन्यात गेलो. आनेवाडीचा टोल, खंबाटकी, खेड शिवापूरचा टोल, जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर. काउंटरवर एवढंच म्हणालो, "वाकवू नका, बोलू नका, माझ्यासमोर मशिनवर लावा आणि काटा वाचून दाखवा." मोजणारा माणूस जेवायला गेलाय म्हणाले. मी बसलो. दीड तासाने तो आला. शिकलेला, शांत माणूस, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. कागदावर आठ नंबरची लाय 65 अंश. काटा 66.5 वर. पिचिंग वेज 66 वर होता, म्हणजे माझा आठ वेजपेक्षाही उभा. बाकीचे पाच अर्ध्या अंशाच्या आत, तेवढा फरक मी चालवून घेतो.

मला राग दीड अंशाचा नाही. क्लब वाकवताना हात पुढे-मागे होऊ शकतो, फोर्ज्ड लोखंड मऊ असतं, वाकतं. राग त्या कागदाचा. सव्वा लाख घेऊन हातात दिलेला, सही-शिक्का असलेला तो कागद मोजणीचा नव्हताच. ऑर्डरमध्ये जे आकडे टाकले तेच छापून दिले होते. बनवून आल्यावर क्लब मशिनवर लावलाच नव्हता. तिथल्या पोराने हे सहज सांगितलं, त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. सोनार तरी दागिना देताना काटा आपल्याकडे वळवतो. तेव्हा कुणी फिटिंग करून घेणार असेल तर पैसे चुकते करण्याआधी प्रत्येक क्लब समोर मोजून घ्या, आणि मोजलेला आकडा लिहून मागा. मला आता तो दुसरा कागद मिळालाय, हाताने लिहिलेला.

वाकवून द्यायला त्यांनी पैसे घेतले नाहीत, कुरिअरचेही त्यांनीच भरले, पण त्यासाठी अर्धा तास उभं राहावं लागलं. "चार यार्डांसाठी एवढं, सर?" असं मॅनेजर म्हणाले. त्या चार यार्डांसाठीच तर फिटिंगचे पैसे मोजले होते. डिझेल आणि टोल मिळून जे गेले ते मी मागितलेत, अजून उत्तर नाही. क्लब मात्र तीन आठवड्यांऐवजी सहा आठवड्यांनी आला.

बाकी गोष्टी थोडक्यात.

हलका शाफ्ट सुरुवातीला आवडला नाही. हातात काही नसल्यासारखं वाटायचं, मी घाईने खाली यायचो. फेब्रुवारीपर्यंत असंच. एप्रिलच्या उन्हात अठरा होल खेळलो आणि पंधराव्या होललाही खांदा दुखला नाही, तेव्हा मत बदललं. या वयात 130 ग्रॅम उगाच वाहत होतो.

मिडसाइज ग्रिप उत्तम. उजव्या अंगठ्याच्या सांध्याला फार आराम. बदलायची वेळ आली की दुकानात जाणार नाही. दोन बाजूंनी चिकटणारी टेप आणि टर्पेंटाइन, एवढ्यात ते काम घरी होतं.

मुरमाड जमिनीवर फोर्ज्ड क्लब मारू नका. मार्चमध्ये मी ही चूक केली आणि सात नंबरच्या तळाला तीन खोचे पडले. कडक जमिनीवर सोल म्हणजे क्लबचा तळ उसळतोही, चेंडू मधोमध न लागता वरच्या अंगाला लागतो. त्यानंतर मी विहिरीच्या पाटाकडेला हरळीचा एक पट्टा राखला. गोल्फच्या मैदानावर ज्याला बर्म्युडा गवत म्हणतात ती ही आपली हरळीच. थोरले चुलतभाऊ बांधावर येऊन बघत राहिले. "आम्ही हरळी काढायला माणसं लावतो, आणि तू तिला पाणी पाजतोयस व्हय?" पण आता तेही पाटाचं पाणी सोडताना त्या पट्ट्याला दोन मिनिटं जास्त देतात. पावसाळ्यात पट्टा मऊ झाला की डिव्हट (क्लबने उकरलेला गवत-मातीचा तुकडा) केवढा निघतो यावरून चेंडूच्या आधी जमीन किती लागली ते कळतं. मॅटवर हे कळत नाही, मॅट क्लबला पुढे घसरू देते आणि चूक लपवते. जिथे क्रोम गेलंय तिथे जूनमध्ये गंज धरायला लागला, म्हणून खेळून आल्यावर पुसून तेलाचं बोट फिरवतो.

एक उणीव राहिलीच. पिचिंग वेजचा लॉफ्ट 46 अंश, माझ्या जुन्या सँड वेजचा (वाळूतून चेंडू काढायचा क्लब) 56. मधल्या 10 अंशांत 80-90 यार्डांचा फटका अडकतो. 51 चा वेज घ्या म्हणाले. चौदा क्लबांच्या मर्यादेत जागा आहे, पण खिशात नाही. सध्या पिचिंग वेज दोन इंच खाली धरून मारतो, दहातले सहा जमतात.

आठ नंबर परवा आला. काल सकाळी पाऊस उघडल्यावर पट्ट्यावर दहा चेंडू मारले. नऊ छाप उभे, एक कललेला, तो माझा होता, मी वाकलो होतो.

जुना सेट दुकान सहा हजारांत बदलून घेत होतं. दिला नाही. पुतण्या सोळा वर्षांचा, उंची पाच फूट सात, त्याला आता शिकायचंय. काल माझं झाल्यावर त्याच्या हातात जुना सात नंबर दिला, चेंडूवर रेघ मारली. तीन हुकले. चौथा लागला आणि पार बांधापर्यंत गेला. क्लब उलटा करून तोंड बघितलं. बावीस वर्षं माझ्या हातात हीलकडे पडलेली रेघ त्याच्या हातात खाचांना काटकोनात, बरोबर मधोमध उभी होती.