फेनॉम २ एक्स२ ५५५: दोनाचे चार, चाराचे तीन (एक उन्हाळा वापरल्यानंतर)

एएमडी कंपनीचा फेनॉम २ एक्स२ ५५५ ब्लॅक एडिशन हा कॉम्प्युटरचा प्रोसेसर मागच्या दिवाळीत घेतला. यातले काही कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) कंपनी बंद करून विकते, आणि ते घरी उघडता येतात. आता २०११ चा जून संपत आलाय, म्हणजे अकोल्याचा एक अख्खा उन्हाळा या प्रोसेसरने काढलाय. पहिल्या संध्याकाळचे ‘चारही कोअर खुलले’ छापाचे स्क्रीनशॉट नेटवर ढिगाने सापडतात. मे महिन्यानंतरचे फारसं कोणी टाकत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी थोडं मुळातलं. कागदावर हा दोन कोअरचा, ३.२ गिगाहर्ट्झचा, ८० वॅटचा प्रोसेसर. पण आतली डाय (सिलिकॉनचा तुकडा) ‘डेनेब’ नावाची, चार कोअरवालीच आहे: ४५ नॅनोमीटर, २५८ चौरस मिलिमीटर, जवळपास ७५.८ कोटी ट्रान्झिस्टर. फेनॉम २ एक्स४ ९५५ मध्ये जी असते तीच. चारपैकी दोन कोअर आणि त्यांच्यासोबतची प्रत्येकी ५१२ केबी एल२ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) बंद करून विकतात. ६ एमबीची सामायिक एल३ कॅश मात्र पूर्ण चालू असते. बंद करण्याचं कारण दोनपैकी एक असतं. एकतर कोअर खरंच सदोष असतो, नाहीतर तो ठणठणीत असतो पण बाजारात स्वस्त माल कमी पडत असतो. तुमच्या डबीत यातलं कोणतं कारण आलंय ते दुकानदारालाही माहीत नसतं.

हे खुलतं कशामुळे, तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड क्लॉक कॅलिब्रेशन’ नावाच्या एका सेटिंगमुळे. ते आलं ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं) सुधारायला, मदरबोर्डवरच्या एसबी७५० साउथब्रिज चिपबरोबर. २००९ च्या सुरुवातीला लोकांच्या लक्षात आलं की ते ‘ऑटो’वर टाकलं की बंद कोअर जागे होतात. पुढच्या एसबी८५० चिपमधून हे सेटिंग गेलं, तर बोर्ड बनवणाऱ्यांनी स्वतःची सोय करून दिली. आसुसचं कोअर अनलॉकर, अ‍ॅसरॉकचं यूसीसी ही त्यातलीच. बोर्ड घेताना हे एवढं एक नक्की बघा, बाकी रंगरूप गौण.

माझ्याकडे पहिल्याच प्रयत्नात चारही कोअर उघडले. प्रोसेसरची माहिती दाखवणारं सीपीयू-झेड नाव दाखवायला लागलं ‘फेनॉम २ एक्स४ बी५५’. असं मॉडेल दुकानात मिळत नाही. वेग मोजणाऱ्या सिनेबेंचचा आकडा जवळजवळ दुप्पट झाला, हँडब्रेकमध्ये लग्नाचे व्हिडिओ बनवायला लागणारा वेळ अर्ध्याच्या आसपास आला. हिवाळाभर ३.६ गिगाहर्ट्झवर चार कोअर चालवले आणि तक्रारीला जागा नव्हती.

मार्चपासून चित्र पालटलं. मशीन हँग होत नव्हतं, निळा स्क्रीन येत नव्हता. झालं असं, की मोठी रार (दाबून लहान केलेली) फाईल उघडताना मधूनच सीआरसी एरर, म्हणजे डेटा बिघडल्याची सूचना, यायची आणि तीच फाईल पुन्हा उघडली की नीट उघडायची. रॅमवर संशय घेऊन मेमटेस्ट रात्रभर चालवला, तो स्वच्छ निघाला. मग प्राइम९५ लावलं, ते प्रत्येक कोअरला गणितं देऊन पूर्ण राबवतं आणि उत्तरं तपासतं. सकाळी बघतो तर तीन वर्कर (कोअरमागे एक) चालू आणि चौथा राउंडिंग एरर देऊन थांबलेला. पुन्हा लावलं, पुन्हा तोच कोअर. व्होल्टेज वाढवून बघितलं तर जरा उशिरा थांबला, इतकाच फरक. ओव्हरक्लॉक काढून मूळ ३.२ वरही दुपारच्या वेळी तो टिकेना. माझ्या डबीतल्या निदान एका कोअरला तरी कारखान्यात उगाच बंद केलेलं नव्हतं. गणित चुकणारा कोअर हा बंद पडणाऱ्या कोअरपेक्षा वाईट, कारण बंद पडलेला लगेच कळतो. अशा मशीनवर कुणाच्या लग्नाचं एकुलतं एक फुटेज ठेवायची माझी तयारी नाही.

बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, कोअर एकेक करून चालू-बंद करता येतात. चौथा बंद केला, तिसरा ठेवला. आता नाव ‘एक्स३ बी५५’ दिसतं आणि तेव्हापासून प्राइम९५ भर दुपारीही अडखळलेलं नाही.

तापमानाचं एक लफडं आधीच सांगून ठेवतो, कारण विकणारा ते सांगत नाही. बंद कोअर उघडले की प्रोसेसरच्या आतले तापमानाचे सेन्सर बरोबर वाचता येत नाहीत. प्रत्येक कोअरसमोर शून्य किंवा काहीतरी अचाट आकडा येतो. मग भिस्त फक्त बोर्डाच्या सॉकेटजवळच्या सेन्सरवर, आणि तो आपल्या मर्जीने चार-पाच अंश इकडेतिकडे. एप्रिल-मेमध्ये खोलीतच ४० अंश असताना हा आंधळेपणा परवडत नाही. डबीतला पंखा ८० वॅटच्या हिशेबाने दिलेला आहे आणि चार कोअर उघडल्यावर आपण एक्स४ ९५५ च्या, म्हणजे १२५ वॅटच्या मुलखात जातो. हीट-पाइपवाला टॉवर कूलर घेतला तेव्हा कुठे जिवात जीव आला. बोर्डही १२५ वॅट झेपणारा हवा. ९५ वॅटवाल्या स्वस्त बोर्डावर व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) तापून प्रोसेसर आपोआप मंदावल्याची उदाहरणं आमच्याच गल्लीत आहेत.

ओव्हरक्लॉकिंगची मजा मात्र निखळ. ब्लॅक एडिशन असल्याने मल्टिप्लायर (मूळ घड्याळाला ज्याने गुणून वेग ठरतो तो आकडा) खुला आहे: १६ चा १८ केला की ३.६, १९ केला की ३.८. हिवाळ्यात ३.८ वर राहत होतं, पण त्यासाठी व्होल्टेज १.४५ पर्यंत न्यावं लागायचं आणि रोजच्या कामात ३.६ शी फरक जाणवायचा नाही. खरा फरक पडला नॉर्थब्रिजच्या घड्याळाने. यात एल३ कॅश कोअरच्या वेगाने पळत नाही, प्रोसेसरमधल्याच नॉर्थब्रिजच्या वेगाने पळते. तो मूळचा २००० मेगाहर्ट्झ असतो. २४०० केला, त्याचं व्होल्टेज थोडं वाढवलं, आणि गेममधले अधूनमधून बसणारे झटके कमी झाले. बहुतेक जण कोअरचा आकडा चढवतात आणि हे सेटिंग तसंच सोडतात. माझा कौल उलटा आहे: कोअर ३.६ ला थांबवा आणि नॉर्थब्रिजवर मेहनत घ्या.

कॅशचं महत्त्व जास्त ठळक दिसलं ते मावसभावाच्या अ‍ॅथलॉन २ एक्स३ ४३५ वर. अ‍ॅथलॉन २ ला एल३ नसतेच. त्यातल्या एक्स३ आणि एक्स४ साठी प्रोपस नावाची १६९ चौरस मिलिमीटरची वेगळी डाय आहे. पण काही डब्यांमध्ये एल३ बंद केलेली डेनेब निघते, आणि याची तशी निघाली. चौथा कोअर आणि ६ एमबी एल३, दोन्ही उघडले, नाव झालं ‘फेनॉम २ एक्स४ बी३५’. आम्ही चौथा कोअर बंद ठेवून फक्त एल३ चा परिणाम बघितला. व्हिडिओ बनवण्यात जवळपास काहीच नाही. विनरारमध्ये चांगला फरक, आणि गेममध्ये डोळ्यांना कळेल इतका. त्याचा प्रोसेसर अजून चारही कोअरवर बिनघोर चाललाय. नशीब ज्याचं त्याचं.

दोन कोअरचा अ‍ॅथलॉन २ एक्स२ २५० किंवा २५५ घेऊन काहीतरी उघडेल या आशेवर असाल तर आशा सोडा. त्यात रेगॉर ही मुळातच दोन कोअरची, ११७ चौरस मिलिमीटरची डाय असते. ओव्हरक्लॉक करा, छान होतो, पण आत दडवलेलं काही नाही.

इंटेलनेही हाच माल विकून बघितला, फक्त बिल लावून. २०१० मध्ये पेंटियम जी६९५१ साठी परदेशात ५० डॉलरचं कार्ड काढलं. कोड टाकला की हायपरथ्रेडिंग (एका कोअरला एका वेळी दोन कामं देण्याची सोय) आणि १ एमबी जास्तीची कॅश चालू. तेव्हा लोक भडकले होते, मीही. आता चौथ्या कोअरने दिलेला ताप आठवून वाटतं, पैसे भरून मिळणारी कॅश निदान तपासलेली तरी असते. तरीही आपण विकत घेतलेल्या सिलिकॉनचं कुलूप उघडायला पुन्हा पैसे, हे काही पटत नाही.

आज, म्हणजे २०११ च्या जूनमध्ये, ५५५ नव्याने घ्यायचा का? गेमसाठी असेल तर इंटेलचा आय३-२१०० बघा. दोनच कोअर आणि ओव्हरक्लॉकला वाव नाही, पण ६५ वॅटमध्ये बऱ्याच गेममध्ये तो माझ्या ३.६ वरच्या तीन कोअरलाही मागे टाकतो. इन्व्हर्टरवर मशीन चालवणाऱ्याला, म्हणजे भारनियमनाच्या गावात सगळ्यांनाच, हा वॅटचा फरक लगेच कळतो. आधीच एएम३ (या प्रोसेसरच्या सॉकेटचा) बोर्ड पडून असेल, व्हिडिओची किंवा रेंडरिंगची कामं असतील आणि बायोसमध्ये रात्री घालवायची हौस असेल, तर ५५५ अजूनही वसूल होतो. मात्र दोन कोअरचेच पैसे मोजतोय असं समजून घ्या. कोअर उघडले तर प्राइम९५ थंडीत नाही, उन्हाळ्यातल्या दुपारी, कॅबिनेटचं झाकण लावून चालवा. आणि ओव्हरक्लॉकमुळे प्रोसेसर जळाला तर वॉरंटी मिळत नाही, तेव्हा कूलरचे पैसे पहिल्याच बिलात धरा.