गोडो ४ : पहिल्या सत्राच्या गेम प्रोजेक्टला कसं आहे?

गेम डिझाइनच्या कोर्सला पहिल्या सत्रातला प्रोजेक्ट बऱ्याच ठिकाणी एकाच साच्याचा असतो: तीन-चार जणांचा गट, एक छोटा टू-डी खेळ, आणि सबमिशनला ब्राउझरमध्ये चालणारी लिंक. या कामाला गोडो ४ हे गेम इंजिन (म्हणजे खेळ बांधायचं सॉफ्टवेअर) कितपत पुरतं, एवढ्यापुरताच हा रिव्ह्यू. थ्री-डी आणि व्हीआरचा विषय वेगळा. (कोणी गोडॉट म्हणतं, कोणी गोडो. इंजिनाला फरक पडत नाही.)

थोडक्यात सांगायचं तर टू-डी प्रोजेक्टसाठी डोळे झाकून घ्या. खेळात मराठी मजकूर असेल तर दुसरा विचारच करू नका. नोकरीच्या दृष्टीने मात्र एवढ्यावर भागत नाही, ते पुढे येईल.

अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि एरियल मान्झूर यांनी सुरू केलेलं हे इंजिन २०१४ पासून एमआयटी या मोकळ्या परवान्याखाली खुलं आहे. ४.० मार्च २०२३ मध्ये आलं. रॉयल्टी नाही, लॉगिन नाही. युनिटी या दुसऱ्या नावाजलेल्या इंजिनाने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं आणि वर्षभराने मागे घेतलं, त्या गदारोळात बरेच जण इकडे वळले. कॉलेजच्या लॅबसाठी आणखी एक सोय: झिप उघडायची आणि फाइल चालवायची. इन्स्टॉल करावं लागत नाही, त्यामुळे ॲडमिन पासवर्डसाठी लॅब असिस्टंटच्या मागे फिरायला नको.

प्रोजेक्ट तयार करताना रेंडरर, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा भाग, विचारला जातो. तिथे 'कम्पॅटिबिलिटी' निवडा. जुन्या ग्राफिक्सवर तोच चालतो, आणि वेब एक्सपोर्टही (खेळ ब्राउझरसाठी बाहेर काढणं) त्याच्यावरच होतो. सुरुवातीला 'फॉरवर्ड प्लस'वर काम करून शेवटच्या आठवड्यात बदललं, तर प्रकाश आणि शेडर (रंग-परिणामांचा कोड) वेगळे दिसायला लागतात आणि सगळी लेव्हल पुन्हा रंगवत बसावं लागतं. पिक्सेल आर्ट असेल तर प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये टेक्श्चर फिल्टर 'लिनिअर'वरून 'निअरेस्ट'वर न्या, नाहीतर चित्रं धुरकट दिसतात.

डिझाइन शिकण्यासाठी या इंजिनाची खरी जमेची बाजू म्हणजे आकडे हाताशी असतात. कॅरेक्टरबॉडी-टू-डी या नोडला (नोड म्हणजे खेळाचा एक सुटा घटक, हा पात्राचा) स्क्रिप्ट, म्हणजे कोडची फाइल, जोडताना तयार टेम्पलेट मिळतं. त्यात वेग ३०० आणि उडीचा वेग उणे ४०० असतो, आणि डीफॉल्ट गुरुत्व ९८० धरलेलं असतं. आता कागद घ्या. ४०० चा वर्ग भागिले ९८० ची दुप्पट, म्हणजे उडीची उंची ८० पिक्सेलच्या थोडी वर. हवेतला वेळ सुमारे ०.८ सेकंद, तेवढ्यात पुढे जातो सुमारे २४५ पिक्सेल. टाइल, म्हणजे लेव्हल बांधायचा चौकोनी तुकडा, ३२ पिक्सेलची असेल तर हा गडी दोन टाइल उंच चढू शकतो, तीन नाही, आणि काठावरून अचूक उडी मारली तर सात टाइलची दरी ओलांडतो. म्हणून पहिल्या लेव्हलला दरी चार टाइलची ठेवा, सात टाइलची शेवटी आणा. जमिनीची टाइल ६४ पिक्सेलची घेतली की हेच पात्र एका पायरीला घाम गाळतं, आणि गट मात्र 'कंट्रोल्स बरोबर वाटत नाहीत' म्हणत कोड उसवत बसतो. कोडात दोष नसतोच, आकड्यांचं प्रमाण चुकलेलं असतं.

कोडमधली नेहमीची चूक एकच. पात्राला हलवणारं 'मूव्ह अँड स्लाइड' हे फंक्शन फ्रेमच्या वेळेचा गुणाकार स्वतःच करतं. विद्यार्थी वेगाला पुन्हा डेल्टाने, म्हणजे त्याच फ्रेमच्या वेळेने, गुणतात. फिजिक्स सेकंदाला ६० वेळा चालतं, त्यामुळे ३०० चा वेग ५ होतो आणि पात्र गोगलगायीसारखं सरकतं. मग वेग १८००० केला जातो. असा आकडा दुसऱ्याच्या स्क्रिप्टमध्ये दिसला तर आधी डेल्टा शोधा.

दुसरं दुखणं यूट्यूबवरचं. गोडो ३ चे धडे अजून सर्चमध्ये वर येतात आणि ते ४ मध्ये चालत नाहीत. व्हिडिओत कायनेमॅटिकबॉडी, यील्ड, इन्स्टन्स हे शब्द दिसले की तो बंद करा. आता त्यांच्या जागी कॅरेक्टरबॉडी, अवेट आणि इन्स्टॅन्शिएट आहेत. कोडमधल्या एक्सपोर्ट आणि ऑनरेडी या शब्दांच्या आधी ॲटचं (@) चिन्ह लागतं. ४.३ पासून जुना टाइलमॅप नोडही मागे पडला, त्याच्या जागी प्रत्येक थराचा वेगळा टाइलमॅपलेअर आला. इतक्या वारंवार होणारी मोडतोड ही या इंजिनाची पडती बाजू. उपाय सोपा आहे: गटाने पहिल्या दिवशी एक आवृत्ती ठरवायची आणि सत्र संपेपर्यंत अपडेट करायचं नाही.

आता देवनागरी. गोडो ३ मध्ये मराठी लिहिणं म्हणजे शिक्षा होती. 'किल्ला'तली वेलांटी क ला सोडून ल ला चिकटायची, आणि ल्ल ऐवजी पाय मोडलेला एक ल आणि शेजारी सुटा दुसरा. युनिटीत मजकूर दाखवणाऱ्या टेक्स्टमेशप्रोची हीच कथा आहे, म्हणून लोक संवादांची चित्रं करून टाकतात. गोडो ४ मध्ये अक्षरजुळणीचं काम हार्फबझ या त्यासाठीच्याच लायब्ररीकडे आहे, त्यामुळे रफार, जोडाक्षरं, वेलांट्या आपापल्या जागी येतात. प्लगइन लागत नाही.

तरी तीन ठिकाणी फसगत होते. पहिली फॉन्टची. इंजिनाच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. तुमच्या लॅपटॉपवर ते गुपचूप विंडोजचा फॉन्ट उसना घेतं, म्हणून सगळं छान दिसतं. वेबवर तशी सोय नाही, तिथे मजकुराच्या जागी चौकोन येतात, आणि ते कळतं सादरीकरणाच्या दिवशी. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू हे दोन्ही फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत. त्यांची फाइल प्रोजेक्टमध्येच टाका आणि सेटिंग्जमध्ये कस्टम फॉन्ट म्हणून लावा. संवादांना मुक्त, शीर्षकाला बलू. बटणाची उंची तपासायला 'पूर्वी' हा शब्द वापरा: वर रफार आणि वेलांटी, खाली ऊकार. तो कापला जात नसेल तर बाकी सगळं बसतं. खेळ ३२० बाय १८० पिक्सेलचा असेल तर स्ट्रेच मोड (खेळ मोठ्या पडद्यावर ताणायची पद्धत) 'व्ह्यूपोर्ट' नको, 'कॅनव्हास आयटम्स' ठेवा. इंग्रजी अक्षर आठ पिक्सेलमध्ये वाचता येतं, आपलं शिरोरेषेसह अक्षर तेवढ्यात मावत नाही.

दुसरी फसगत संवाद एकेक अक्षराने उमटवताना. डीफॉल्ट सेटिंगमध्ये मजकूर जुळणीच्या आधी कापला जातो, म्हणजे टाइप करताना दिसतो तसा. मग 'क्षण' उमटताना आधी क, मग पाय मोडलेला क्, आणि एकदम क्ष. वाक्यभर हे फडफडत राहतं. लेबलच्या 'व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेविअर'मध्ये 'आफ्टर शेपिंग' निवडलं की हे थांबतं. वेगाचा हिशोबही सांभाळा: 'नमस्ते'ची लांबी इंजिन ६ मोजतं, वाचणाऱ्याला अक्षरं तीनच दिसतात. इंग्रजीसाठी ठरवलेला प्रत्येक अक्षरामागचा आवाज मराठीत म्हणूनच जास्त टकटकतो.

तिसरी भाषांतराच्या सीएसव्हीची, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या मजकूर-फाइलची. फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये आणि बीओएम या सुरुवातीच्या खुणेशिवाय हवी. एक्सेलमधून साध्या पद्धतीने सेव्ह केली तर मराठीची प्रश्नचिन्हं होतात. लिब्रेऑफिस किंवा गूगल शीट्स वापरा.

गटाने काम करायला गिट, म्हणजे बदलांची नोंद ठेवणारं साधन, लागणारच. सीनची (नोड जोडून बनवलेल्या तुकड्याची) फाइल साधा मजकूर असल्याने बदल दिसतात, पण दोघांनी एकाच सीनला हात लावला की गुंता ठरलेला. म्हणून खेळाडू, शत्रू, मेनू, प्रत्येक लेव्हल असे सीन सुटे करून वाटून घ्या. '.गोडो' फोल्डर गिटमध्ये टाकायचं नाही. ४.४ पासून दिसणाऱ्या यूआयडी फाइली मात्र टाकायच्या, कचरा समजून उडवू नका. फाइलचं नाव किंवा जागा एडिटरच्या आतूनच बदला. फाइलींची नावं सगळी इंग्रजी लहान अक्षरांत ठेवा. विंडोजवर मोठा पी आणि छोटा पी एकच, पण एक्सपोर्ट झालेल्या खेळात ते वेगळे, आणि चित्र सापडत नाही.

नोकरीचं बोलायचं तर पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स या स्टुडिओने 'राजी' हा खेळ अनरिअल या इंजिनावर केला, आणि भारतातलं मोबाइलचं बरंचसं काम युनिटीवर चालतं. कन्सोलसाठी गोडोचा अधिकृत एक्सपोर्टही नाही. पोर्टफोलिओत निदान एक काम युनिटी किंवा अनरिअलमधलं असू द्या. गोडोमध्ये पुरा झालेला खेळ तिथे नव्याने बांधला तरी चालेल, डिझाइन तयार असल्याने फक्त इंजिन शिकायचं उरतं.

वेब एक्सपोर्ट ४.३ पासून बराच सुधारला आहे. आधी सर्व्हरला खास हेडर (ब्राउझरला द्यायच्या सूचना) लागायचे, आता एका थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर, त्यांच्याशिवाय चालतं. सी-शार्प या भाषेत लिहिलेला प्रकल्प मात्र गोडो ४ मधून वेबवर जातच नाही, तेव्हा लिंक द्यायची असेल तर गोडोची स्वतःची भाषा जीडीस्क्रिप्टच. एक्सपोर्टसाठी लागणाऱ्या टेम्पलेट्सचं डाउनलोड जवळजवळ एक जीबीचं आहे, ते हॉस्टेलच्या वायफायवर आदल्या रात्री नको. इच (itch.io) या खेळ ठेवायच्या साइटवर टाकताना मुख्य फाइलचं नाव 'इंडेक्स' ठेवा आणि सगळं एकाच झिपमध्ये द्या. शिवाय सुरुवातीला एक 'खेळ सुरू करा' बटण हवंच. पहिली क्लिक होईपर्यंत ब्राउझर आवाज अडवून धरतो, आणि बटण नसलेला खेळ परीक्षकासमोर मुक्यानेच सुरू होतो.