पांढऱ्या मिसोचा डबा आणि पोटभरीचे नूडल सूप

नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका दुकानात आता जपानी पांढरा मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा, सहज मिळतो. मी घेतलेला डबा ३०० ग्रॅमचा असून त्याची किंमत चारशे रुपयांच्या वर आहे. हा आकडा पाहून हात आखडतो खरा. परंतु नूडल्स घातलेल्या मोठ्या वाडग्याला साधारण २५ ते ३० ग्रॅम मिसो पुरतो, म्हणजे एका डब्यात दहा-बारा वाडगे होतात, आणि हा हिशेब मांडल्यावर खरेदी महाग वाटत नाही.

झाकण उघडताच आत फिकट पिवळसर, मऊ लगदा दिसतो आणि किंचित गोडसर, आंबलेला वास येतो. सोयाबीन, मीठ आणि कोजी बुरशी वाढवलेला तांदूळ एवढ्यावरच हा पदार्थ उभा असतो. पांढऱ्या मिसोत तांदळाचे प्रमाण अधिक आणि मुरवण्याचा काळ कमी असल्यामुळे तो लाल मिसोपेक्षा सौम्य लागतो. शाकाहारी घरांनी मात्र घटकांची यादी वाचल्याशिवाय डबा उचलू नये, कारण काही प्रकारांत माशाचा अर्क आधीच मिसळलेला असतो. या डब्यावर हिरवी खूण आहे. आंबण्याची क्रिया थांबावी म्हणून थोडे अल्कोहोल घातल्याचीही नोंद आहे. ज्यांना ते चालत नसेल त्यांनी हेही पाहून घ्यावे.

माझी खरी तक्रार आयातदाराने मूळ लेबलवर चिकटवलेल्या कागदाविषयी आहे. त्यावरची कृती मिसो पाण्यात घालून पाच मिनिटे उकळायला सांगते, आणि तसे केले तर ज्या सुगंधासाठी एवढे पैसे मोजले तोच वाफेबरोबर निघून जातो. मिसो शेवटी घालावा: आच बंद करावी, पळीभर गरम रस्सा वाटीत काढून त्यात मिसो गुठळ्या मोडेपर्यंत कालवावा आणि मगच तो पातेल्यात सोडावा.

अर्थात, नुसत्या मिसोने सूपला अंग येत नाही. जपानी स्वयंपाकात त्याखाली दाशी या पातळ, चवदार रश्श्याचा आधार असतो, आणि दाशीसाठी वापरल्या जाणाऱ्या कोम्बू या समुद्री शेवाळातूनच जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ग्लुटामेट हा चव भरीव करणारा घटक वेगळा काढला होता. कोम्बू हाताशी नसेल तर वाळवलेले शिताके मशरूम रात्रभर थंड पाण्यात भिजवावेत आणि ते पाणी गाळून रस्सा म्हणून वापरावे. पिकलेल्या टोमॅटोतही ग्लुटामेट असते आणि शिताकेतील ग्वानिलेट या तशाच चवदार घटकाशी त्याची जोडी जमली की चव कितीतरी गडद होते. पिंपळगाव बसवंतचे टोमॅटो हाताशी असणाऱ्या नाशिककरांनी तर हा उपाय करावाच. उभा चिरलेला कांदा तिळाच्या तेलावर कडा तांबूस होईपर्यंत परतावा, त्यावर लसूण, आले आणि टोमॅटो घालून ते मऊ करावेत, मग मशरूमचे पाणी, गाजर आणि कोबी. मीठ घालू नये, मिसोचे मीठ पुरते.

नूडल्स वेगळ्या उकडाव्यात, नाहीतर त्यांच्या पिठाने रस्सा चिकट होतो. बाजारातल्या साध्या हाक्का नूडल्स चालतात. टोफूऐवजी पनीर घालण्याचा मोह होतो, पण पनीर रस्सा शोषत नाही आणि दुधाळ चव मधेच डोकावत राहते. मक्याचे दाणे आणि वर लोण्याचा गोळा मात्र जरूर घालावा. जपानमधल्या साप्पोरो शहराच्या मिसो रामेनमध्ये, म्हणजे तिथल्या नूडल सूपमध्ये, ही जोडी रूढ आहे आणि निफाडकडचा पारा घसरतो त्या दिवसांत तिची किंमत कळते. मिसळीच्या तर्रीवर वाढलेल्या जिभेला हे सूप पहिल्या घोटाला मिळमिळीत वाटेल, तिच्यासाठी लसूण-मिरचीचे तेल वेगळे ठेवावे.

उघडलेला डबा फ्रिजमध्ये ठेवावा, चमचा कोरडा असावा आणि आतला कागद पुन्हा मिसोवर दाबून बसवावा. काही आठवड्यांनी वरचा थर थोडा काळवंडतो, पण तेवढ्यावरून तो फेकू नये. त्याच दुकानात मिळणारी सूपची तयार पाकिटे मात्र घेऊ नयेत, कारण त्यांत मिसो थोडा आणि मीठच फार आहे.