आधी कुठं बोलायचं: पॉलिक्लिनिक, धारवाड की १४४१६?

पेन्शनीवर येऊन मला सात वर्षं झाली. पहिली तीन वर्षं रात्री दोनला जाग यायची, म्हणजे पोस्टवर पहारा बदलायच्या वेळेला. वरातीत सुतळी बॉम्ब फुटला की शेजारच्याला खाली दाबायला हात आपोआप जायचा. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गावांत घराआड एक फौजी आहे, त्यामुळे हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांना वेगळं समजावून सांगायला नको. मनाच्या अशा त्रासाबद्दल बोलायला तीन वाटा आहेत: माजी सैनिकांचं पॉलिक्लिनिक, धारवाडचा सरकारी मानसिक दवाखाना आणि १४४१६ ही फोन हेल्पलाइन. मी तिन्ही वाटा चाललो आहे. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल.

ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकची वाट सगळ्यांत सोपी वाटते. औषध फुकट, रेफरल मिळालं की पॅनेलवरच्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ, आणि कार्डावर बायको आणि अवलंबून असलेले आईवडीलही येतात. मीही तिथूनच सुरुवात केली. रेफरलवर एका खाजगी रुग्णालयात गेलो. डॉक्टर भले होते, घाई अजिबात केली नाही. त्यांनी हिंदीत विचारलं, "कैसे हैं?" मी पाठ ताठ करून म्हणालो, "सब ठीक है, साहब."

माझं घोडं नेमकं इथंच अडलं. चोवीस वर्षं हिंदीत मी फक्त रिपोर्ट दिला होता. त्या भाषेत जखमी किती, गोळ्या किती शिल्लक, हे मला सांगता येतं. पोस्टवरचा जोडीदार जवान गेला त्या रात्री मी त्याच्या पाकिटातला मुलीचा फोटो का लपवून ठेवला, हे त्या भाषेत तोंडातून निघत नाही. तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा "नींद नहीं आती" एवढंच बोललो आणि झोपेची गोळी घेऊन परत आलो. दोष डॉक्टरांचा नव्हता. ज्या भाषेत आयुष्यभर सावधान उभा राहिलो, तीच भाषा समोर आली की मी पुन्हा सावधान व्हायचो. कन्नड बाजारापुरती येते, मनातलं बोलण्याइतकी येत नाही.

धारवाडची मानसिक आरोग्य संस्था, म्हणजे डिमहान्स, औषधोपचाराला उत्तम. आजार जुना असेल, भास होत असतील, माणूस घरात आवरत नसेल, तर मी आजही तिथंच जायला सांगेन. बेळगावाहून पाऊणशे-ऐंशी किलोमीटर, सकाळची गाडी धरली की संध्याकाळी घरी. अडचण वेगळीच आहे. आमच्याकडं "ह्याला धारवाडला न्यायला पाहिजे" ही शिवी आहे. सरकारी दवाखान्याला शिवी करून ठेवली आपणच, आणि त्यापायी किती घरं उशिरा जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१४४१६, म्हणजे टेलि-मानस, ही मानसिक आरोग्याची सरकारी फोन हेल्पलाइन २०२२ साली सुरू झाली. फुकट आहे, चोवीस तास आहे, आणि भाषा निवडता येते, त्यात मराठी आहे. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "जेवलात का?" आणि मी चाळीस मिनिटं बोलत होतो. फोटोचंही सांगितलं. गोळी फोनवर हातात पडत नाही, हे खरं. पण कुठल्या डॉक्टरांना काय सांगायचं, हे मला त्या बोलण्यानंतर कळलं. पुढच्या खेपेला त्याच हिंदी डॉक्टरांसमोर मी मराठीत लिहिलेला कागद घेऊन गेलो आणि वाचून दाखवत अर्थ सांगितला.

महिनाभरानं बायकोनंही फोन लावला. मी परड्यात जाऊन बसलो. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तुम्ही वर बर्फात होता तवा मला झोप लागायची काय, हे आजवर कोण विचारलं न्हाई." ती पॉलिक्लिनिकच्या रांगेत कधीच बसली नसती.

जे अजून पलटणीत आहेत त्यांची भीती मला ठाऊक आहे: शेपमधला, म्हणजे फौजेच्या आरोग्य वर्गवारीतला, मनाच्या तब्येतीचा 'एस' खाली गेला तर कमी आरोग्याची कॅटेगरी लागेल, बढती अडकेल. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी टेलि-मानसचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. आपलं दुखणं समजणारं माणूस तिथं भेटण्याची शक्यता जास्त, असं मला वाटतं.

एका बाबतीत मात्र फोनवर थांबू नका. कँटीनचा कोटा रोजचा झाला असेल, तर दारू एका दिवसात स्वतःहून तोडू नका. झटके येतात, जीवावर बेतू शकतं. झोपेची गोळी आणि दारू एकत्र तर कधीच नाही. तिथं थेट डॉक्टरच, पॉलिक्लिनिक असो की धारवाड. जीव द्यायचे विचार येत असतील तर त्या माणसाला एकटं सोडू नका, त्याच्याजवळ बसूनच फोन लावा आणि दवाखान्यात न्या.

बाकी कुणी विचारलं तर मी आधी १४४१६ सांगतो. घरात गडबड नसताना लावा, आणि सुरुवातीलाच सांगा, "मला मराठीत बोलायचं आहे."