अब्राहाम ते योसेफ ऑडिओ कोर्स: घरातल्या भांडणांसाठी ऐका, एक धडा मात्र पटला नाही

बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकातले १२ ते ५० हे अध्याय घेऊन विश्वास आणि घरातली नाती यावर केलेला ऑडिओ कोर्स आहे, सोबत प्रश्नांची वही पीडीएफमध्ये मिळते. पूर्ण ऐकला म्हणून लिहितेय. पाचपैकी चार स्टार. एक कुठे कापला ते सांगतेच पुढे.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शिकवणारे या मंडळींना पुतळे करून ठेवत नाहीत. आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं की अब्राहाम विश्वासाचा बाप, योसेफ म्हणजे पायघोळ झगा आणि स्वप्नं, संपलं. इथे तोच अब्राहाम मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) जिवाच्या भीतीने बायकोला बहीण सांगतो, मग गरारमध्ये तिथल्या राजासमोर, अबीमलेखासमोर, परत तेच, आणि अध्याय २६ मध्ये त्याचा मुलगा इसहाक त्याच गरारमध्ये बायको रिबकेबद्दल डिट्टो तेच बोलतो. हे तिन्ही प्रसंग एकाच धड्यात शेजारी शेजारी ठेवलेत आणि मग सर विचारतात की बापाचे दोन्ही प्रसंग तर इसहाकाच्या जन्माआधीचे, त्याने बघितलेले नाहीत, मग ही भीती पोरात आली कुठून? उत्तर देत नाहीत, वहीत रिकामी जागा सोडलीय. मी तिथे बरंच काय काय लिहिलं, ते असो.

हागारचा धडा तर खास आहे. साराय (अब्राहामची बायको) स्वतःच आपली दासी हागार नवऱ्याला देते, ती गरोदर राहिल्यावर तिचाच छळ करते, आणि अब्राम (अब्राहामचं आधीचं नाव) काय म्हणतो तर तुझी दासी तुझ्या हातात आहे, तुला वाटेल ते कर. पुढे अध्याय १८ मध्ये हाच माणूस सदोम या पापी गावाचा नाश होऊ नये म्हणून देवाशी घासाघीस करतो, ५० नीतिमान असले तर, ४५ असले तर, करत करत १० पर्यंत येतो. परक्या गावासाठी एवढं तोंड उघडतं आणि स्वतःच्या घरातल्या बाईसाठी एक वाक्य नाही. सर हे शांतपणे वाचून दाखवतात, आवाज पण चढवत नाहीत, आणि मग थोडा वेळ गप्प. मला वाटतं बाहेर मोठमोठ्या प्रार्थना करणाऱ्या प्रत्येकाने हा भाग ऐकावा.

इसहाकाच्या जुळ्या मुलांचं, याकोब-एसावचं, बरंचसं ओळखीचंच आहे. इसहाकाचा लाडका एसाव, रिबकेचा लाडका याकोब, आणि याकोब मोठा होऊन आपल्या मुलाच्या, योसेफाच्या बाबतीत तेच करतो. भावाचा आशीर्वाद लाटायला याकोबाने बकरीच्या कातड्याने आणि भावाच्या कपड्यांनी बापाला फसवलं, तर म्हातारपणी पोरं योसेफाला विकून त्याचा बकऱ्याच्या रक्तात बुडवलेला झगा याच्यासमोर आणून टाकतात. हे प्रवचनात बऱ्याचदा येतं, इथेही तेवढंच आलंय. याकोबाची पहिली बायको लेआ, तिच्यावर मात्र अन्याय झालाय, दहा मिनिटात उरकलीय तिला. नवऱ्याचं प्रेम दुसऱ्या बायकोवर, राहेलवर, हे उघड माहीत असलेल्या घरात जी आयुष्यभर राहिली, आणि शेवटी मक्पेलाच्या गुहेत, म्हणजे घराण्याच्या कबरीत, याकोब ज्या बायकोशेजारी पुरला गेला ती लेआच, राहेलची कबर वाटेवर एफ्राथच्या रस्त्याला राहिली, यावर अख्खा धडा झाला असता की.

आता तो कापलेला स्टार. मोरियाचा धडा, जिथे देव अब्राहामला इसहाकाचा बळी द्यायला सांगतो आणि ऐनवेळी थांबवतो. वहीतला प्रश्न आहे "तुमचा इसहाक कोण?", म्हणजे देवासाठी तुम्ही काय सोडायला तयार आहात. अहो पण इसहाक ही सोडून द्यायची वस्तू नाही ना, तो मुलगा आहे, स्वतः लाकडं वाहून नेणारा, आणि मेंढरू कुठेय म्हणून बापाला विचारणारा. अध्याय २२ च्या शेवटी अब्राहाम चाकरांकडे परत आला एवढंच लिहिलंय, इसहाकाचं नाव त्या वाक्यात नाही, आणि तिथून पुढे या बापलेकांचं एकही संभाषण उत्पत्तीत नाही. त्या दोघांत बिनसलं असं मी म्हणत नाहीये, वचन, म्हणजे बायबल, गप्प आहे तर गप्पच राहू दे, पण कुटुंबाच्या नात्यांवर कोर्स काढलाय आणि या शांततेवर एक शब्द नाही? आईबापांच्या विश्वासाची किंमत ज्यांनी लहानपणी मोजलीय अशी माणसं हा कोर्स घेणारच. त्यांच्यासाठी इथे काहीच नाही, फक्त "आज्ञा पाळा, देव पुरवतो". बाकी सगळीकडे प्रश्न उघडे ठेवणारा माणूस नेमका इथेच उत्तर हातात कोंबतो.

पण लेआचा मुलगा यहूदा, त्याचा धडा ऐकला आणि राग बराच उतरला. भाऊ योसेफाला विकून टाकू ही कल्पना यहूदाची, २० चांदीच्या नाण्यांना सौदा झाला. मग सून तामारला तिचा हक्क नाकारल्याच्या प्रकरणात चारचौघांत त्याला कबूल करावं लागतं की ही माझ्यापेक्षा नीतिमान आहे. मग दुष्काळ, आणि धान्यासाठी भावांचं मिसरला जाणं, जिथे योसेफ आता मोठा अधिकारी आहे पण भावांना ओळखू येत नाही. योसेफाचा सख्खा धाकटा भाऊ बन्यामीन, त्याला मिसरला नेण्यासाठी थोरला रऊबेन बापाला म्हणतो माझी दोन पोरं मारून टाका जर मी त्याला परत आणलं नाही तर (काय हा जामीन!), यहूदा म्हणतो मी स्वतः जामीन. आणि अध्याय ४४ मधलं योसेफासमोरचं ते लांबलचक बोलणं. त्यात यहूदा बापाचंच वाक्य सांगतो, माझ्या बायकोला (म्हणजे राहेलला) दोनच मुलगे झाले. म्हणजे लेआच्या पोरांना अजूनही हिशोबात धरलेलं नाही, आणि हे लेआचाच पोरगा बोलून दाखवतोय, कडवटपणा न आणता, आणि वर म्हणतो की बन्यामीनच्या जागी मला गुलाम ठेवून घ्या. सरांचा मुद्दा असा की याकोब बदललेला नाहीये, म्हातारा अजून तसाच दुजाभाव करतोय, बदललाय तो यहूदा. याच दुजाभावापायी पूर्वी एक भाऊ विकला गेला होता. आईबाप सुधारतील मग मी बरा होईन म्हणून वाट बघत बसलेल्यांना हे जड जाईल, मला गेलं.

क्षमेवरचा शेवटचा धडा पण चांगला आहे, योसेफ भावांना लगेच मिठी मारत नाही, आधी तपासून बघतो, आणि याकोब गेल्यावर भाऊ निरोप पाठवतात की बापाने मरण्याआधी सांगितलंय आम्हाला क्षमा कर. याकोबाने असं सांगितल्याचं आधी कुठेच आलेलं नाही. १७ वर्षं योसेफाच्या जिवावर जगून सुद्धा भीती तशीच, आणि ते ऐकून योसेफ रडतो.

बाकी किरकोळ. मागे सतत हळू पियानो वाजतो, तो बंद करायची सोय नाही. वंशावळी वाचून दाखवल्यात, त्या पुढे ढकला बिनधास्त. ग्रुपमध्ये ऐकणार असाल तर वहीतले प्रश्न आधी चाळा, काही फार खासगी आहेत, चारचौघांत कोणी खरं बोलणार नाही. फ्रीमध्ये पहिला धडा आणि हागारचा असे दोनच उघडतात. पहिला ऊर गावाहून हारानपर्यंतच्या प्रवासाचा आहे, बराचसा नकाशा आणि अब्राहामचा बाप तेरह याची माहिती, सपक आहे, तो ऐकून ठरवू नका, हागारचा ऐका आणि मग घ्यायचा की नाही ते बघा.