घरपोच नर्सिंग सेवा, बडोदे: प्रोजेस्टेरॉनच्या इंजेक्शनांपुरता अनुभव

भ्रूणरोपणानंतर माझ्या वहिनींना प्रोजेस्टेरॉनची, म्हणजे गर्भ टिकण्यास मदत करणाऱ्या संप्रेरकाची, तेलातली इंजेक्शने रोज संध्याकाळी घ्यायची होती. दांडिया बाजारातल्या घरातून त्या अवस्थेत रोज रिक्षाने दवाखाना गाठणे नको, म्हणून घरी येऊन इंजेक्शन देणारी एक स्थानिक सेवा आम्ही घेतली. सुई कशी टोचली यापेक्षा टोचण्याआधी काय विचारले गेले, यावर मी या सेवेचा दर्जा ठरवतो, आणि तिथे नेहमी येणाऱ्या सिस्टर निर्विवाद उत्तम ठरल्या.

पहिल्या भेटीत त्यांनी औषधचिठ्ठी आणि ॲम्प्यूल (औषधाची काचेची कुपी) यांवरचे नाव, मात्रा व मुदत ताडून पाहिली. औषध कोणत्या तेलात आहे हेही वाचले, कारण अशा इंजेक्शनांत तीळ किंवा शेंगदाण्याचे तेल असू शकते आणि त्याची ॲलर्जी असलेल्यांना ते चालत नाही. यापूर्वी कधी रक्ताची गुठळी झाली होती का, यकृताचा आजार, स्तनाचा कर्करोग, अर्धशिशी, फिट्स किंवा नैराश्याचा त्रास होता का, हे त्यांनी एकेक करून विचारले आणि उत्तरे लिहून घेतली.

तेल दाट असल्याने त्या जाड सुईने औषध ओढत, मग सुई बदलत, आणि थंडीच्या दिवसांत ॲम्प्यूल थोडा वेळ मुठीत धरून कोमट करत. वहिनींना पालथे झोपवून नितंबाच्या वरच्या, बाहेरच्या भागात, मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या नसेपासून दूर, औषध सावकाश सोडले जाई. आज उजवी बाजू, उद्या डावी, अशी नोंद कागदावर राही. नंतर हलके चोळणे आणि कोमट शेक हे घरच्यांचे काम, कारण एकाच जागी तेल साचले की गाठी येतात.

यावर शेजारच्या काकूंनी हरकत घेतली. त्यांच्या सुनेने सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’ घेतले, तेव्हा ती जागा अजिबात चोळायची नाही, असे तिला बजावले होते. सिस्टरांनी दोन्हींतला फरक शांतपणे समजावला: अंतरा हे मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचे, १५० मिलिग्रॅमचे, तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे गर्भनिरोधक आहे; ते स्नायूतून हळूहळू सुटणे अपेक्षित असते आणि चोळल्याने त्याचा परिणाम आधीच ओसरू शकतो. दोन्ही औषधे एकाच कुळातली असली तरी निगा उलटी. हे आम्हाला दवाखान्यातही कुणी सांगितले नव्हते. (सारे बोलणे गुजरातीत झाले, पण बडोद्याच्या मराठी घराला त्याची अडचण वाटण्याचे कारण नाही.)

पुढे डॉक्टरांनी रात्री योनीमार्गे ठेवायची कॅप्सूल दिली, तेव्हा हात धुऊन ती ठेवावी, नंतर थोडा वेळ पडून राहावे आणि तेलकट स्राव आला तर घाबरू नये, एवढे सिस्टरांनी सांगितले. एक वेळ चुकली म्हणून दुप्पट मात्रा घेऊ नये आणि थोडे डाग दिसले तरी स्वतःच्या मनाने औषध थांबवू नये, डॉक्टरांना विचारावे, यावर त्यांचा विशेष भर होता. एका पोटरीला सूज व दुखणे, छातीत कळ, अचानक दम लागणे, तीव्र डोकेदुखी, नजर अंधुक होणे किंवा जास्त रक्तस्राव यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठण्यास त्यांनी सांगितले होते.

उणीव बदली परिचारिकेची. सुट्टीच्या दिवशी आलेल्या बाईंनी आदल्या दिवसाची बाजू विचारली नाही, कागद आम्हीच पुढे केला, आणि वापरलेली सुई त्या घरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकू लागल्या. नेहमीच्या सिस्टर मात्र ती झाकणाच्या जाड डब्यात घेऊन जात. तक्रार केल्यावर कार्यालयाने दिलगिरी व्यक्त केली, तरी बदली परिचारिकांना नोंदीचा कागद आधी पाठवण्याची पद्धत त्यांच्याकडे अजून नाही. दर वाजवी आहेत, पावती मिळते, फक्त रात्री उशिराच्या भेटीला जादा आकार पडतो. नाव नोंदवताना शक्यतो एकच परिचारिका मागावी आणि सुट्टीच्या दिवशी कोण येणार, हे आदल्या दिवशीच फोनवर विचारून ठेवावे.